नमुना क्रमांक सदतीस

या शहराचं नाव टोपीका.
भाऊ फोनवर हसतो : कुणी कुणाला घातली?
ते शोधण्याचाच पगार मिळतो मला,
कॅन्सस विधिमंडळाच्या लेखापरीक्षण कचेरीत,
सात वर्षं झाली.

आधी रस्त्यांची बिलं तपासायचे.
डांबर, खडी, बर्फावर टाकायचं मीठ.
डांबराला आजी नसते.
यंदा समितीने बालकल्याण खात्याच्या फायली मागवल्या
आणि मी साठ मुलं निवडली,
म्हणजे संगणकाने निवडली, डोळे मिटून,
मायेला वाव नको म्हणून.
ह्याला नमुना म्हणतात.
आमच्या घरी नमुना म्हणजे
मामाच्या चपलेत बेडूक ठेवणारं पोर.

सदतीस क्रमांक : मुलगी, वय नऊ.
नावावर काळी पट्टी, शाळेवर काळी पट्टी,
कुत्र्याचं नाव झाकायचं मात्र राहून गेलं –
वॉफल.
तीन वर्षांत अकरा घरं.
दर वेळी सामान कचऱ्याच्या पिशवीत,
आणि ‘निवास’ या रकान्यात सहा रात्री
खात्याच्याच कचेरीचा पत्ता.
दोन खुर्च्या जोडून झोपली, असं लिहिलंय,
झेरॉक्स मशीनजवळ.
तिथं जरा ऊब असते.

आज सुनावणी.
मी मागच्या रांगेत, हाताची घडी, तोंडावर बोट :
विचारल्याशिवाय लेखापरीक्षकाने बोलायचं नसतं.
संचालक लॉरेल स्टकी थकलेल्या दिसतात.
खोटं बोलत नाहीत त्या,
फक्त प्रत्येक वाक्यातून माणूस काढून घेतात :
‘विलंब झाला’, ‘उपाययोजना सुरू आहेत’,
‘एकशे नव्वद पदं रिक्त आहेत’.
(हे शेवटचं खरं आहे. मीच मोजलंय.)

मग रोवेना टिबेट्स, गार्डन सिटीहून
पहाटे तीनला निघून आलेल्या, कुणाची तरी आजी.
तीन मिनिटं.
हिरवा दिवा असताना त्यांनी चष्मा शोधला,
पिवळ्यात कागद उलगडला,
‘त्यांनी मला एकदा जरी फोन केला असता’
इथवर आल्या आणि लाल लागला.
उरलेलं लेखी द्या, अध्यक्ष म्हणाले, अगदी सौजन्याने.
बाई उभ्याच राहिल्या.
मायक्रोफोन बंद झाला तरी कागद
तिसऱ्या घडीपर्यंत वाचत होत्या.

सिनेटर ओल्बर्डिंग पानं चाळता चाळता थांबल्या.
माझ्याकडे वळून म्हणाल्या :
सहा रात्री. हा आकडा पक्का?

पक्का. सहा नोंदी, सहा सह्या.
पण फाइलच्या शेवटी पिवळी चिकटचिठ्ठी होती,
घाईचं अक्षर, तारीख नाही :
‘पोरगी अजून इथेच आहे. मी सँडविच आणून देते.’
ना फॉर्म, ना सही.
आमच्या नियमात ती रात्र झालीच नाही.
मी तिला तळटीपेतसुद्धा घेतलं नव्हतं.

सहा, म्हटलं मी. नोंदलेल्या.
घसा कोरडा.
आणि एक.

स्टेनोग्राफरची बोटं थांबली, पुन्हा चालू लागली.
माझ्या साहेबांनी पेनाचं टोपण लावलं,
काढलं, लावलं.
स्टकीबाईंनी खाली मान घालून
कागदावर काहीतरी लिहिलं. सात असेल.
किंवा माझं नाव.

जेवणाच्या सुट्टीनंतर विषय दुसरा होता, पाटबंधारे.
मी वर आले. बदललेलं पान छापायचं होतं,
चौदा प्रती.
दिवे मालवलेले. मशीन घरघरत जागं झालं,
आणि प्रती पडेपर्यंत
मी त्याच्या झाकणावर तळहात ठेवून उभी राहिले.
ऊब होती, खरं आहे.
पण एवढीशीच,
आणि काम थांबलं की मिनिटभरात
जाते.